नेहमीपेक्षा शांत

दुपारी जेवून महिपतराव खाटेवर आडवे झाले आणि लोखंडी कपाटातून टिंग असा आवाज आला. एरवी तो त्यांना ऐकू आला नसता. गेली काही वर्षं त्यांना पंख्याखेरीज फारसं काही ऐकू येत नव्हतं, आणि जे ऐकू येत नव्हतं त्याबद्दल त्यांनी कधी तक्रारही केली नव्हती. पण त्याच सकाळी त्यांनी कानात नवं यंत्र घातलं होतं. ते नम्रतानं, त्यांच्या मुलीनं, ठाण्याहून कुरिअरने पाठवलं होतं आणि वर फोनवरून ताकीद दिली होती की बाबा, डबीत ठेवू नका, कानात घाला. घातल्यापासून त्यांची नुसती पंचाईत झाली होती. पापड खाताना शेजारी कोणी कौलं फोडतंय असं वाटलं. स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून कोण आलं म्हणून ते दोनदा मागे वळले. मिरजोळ्याच्या कातळावर घर बांधून इतकी वर्षं झाली, पण एमआयडीसीतला भोंगा इतका जवळ आहे हे त्यांना आज कळलं. आणि बायकोचा आवाज आपण समजत होतो त्याहून बराच थकलेला आहे, हे सकाळच्या चहालाच कळलं. गोदाबाई फक्त 'साखर घातलीय' एवढंच म्हणाल्या होत्या, आणि तेवढ्यावरून ते मघापर्यंत अस्वस्थ होते. आता त्यात हे कपाट. पाल असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला गोष्टी मनाशी ठरवून निकालात काढायची सवय असते. पण पाल टिंग करत नाही. तेवढ्यात ते पुन्हा झालं. स्वयंपाकघरात गोदाबाई भांडी विसळत होत्या. आवाज त्यांच्याही कानावर गेला असणारच, पण विसळणं थांबलं नाही.

महिपतराव उठले. कपाटाच्या मागच्या पत्र्याला गंजून भोक पडलं होतं आणि ते बुजवायचं ते दरवर्षी पावसाळ्याआधी ठरवत आणि पावसाळ्यानंतर पुढे ढकलत. त्या भोकातून एक पांढरी वायर आत गेलेली त्यांना पहिल्यांदाच दिसली. दार उघडून, गोदाबाईंच्या ठेवणीतल्या साड्या बाजूला सारून त्यांनी हात घातला तर हाताला गरम लागलं. रितेशचा फोन होता. जहाजाच्या कंपनीच्या माणसाने बॅग आणून दिली त्या दिवशी त्यांनी स्वतः तो बॅगेतच परत ठेवला होता आणि बॅग माळ्यावर टाकली होती. फोनला कुलूप होतं, उघडायचा आकडा रितेशबरोबर गेला होता. पण कुलपाबाहेर, भाट्याच्या पुलाच्या फोटोवर, संदेश दिसत होते. स्वयंपाकघर नेहमीपेक्षा शांत आहे. मधल्या खोलीत हालचाल नाही. मागचं दार उघडलेलं नाही. बोटाने वर सारलं की खाली तेच, आणि त्याच्याखालीही तेच. मध्येच एक, गेल्या आठवड्यातला, जरा निराळा होता. गॅस चालू राहिला आहे. महिपतरावांनी फोन होता तसा ठेवला, साड्यांच्या घड्या होत्या तशा लावल्या आणि खाटेवर येऊन छताकडे बघत राहिले. यंत्रामुळे पंखासुद्धा आता काहीतरी बोलत असल्यासारखा वाटत होता.

रितेश जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होता. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने घरभर वायरी पसरल्या होत्या. आई न्हाणीघरात घसरली होती, हे त्याला महिन्याने कळलं, तेही नम्रताकडून, याचा त्याला राग होता. कॅमेरे लावतो म्हणाला तर गोदाबाईंनी साफ नाही म्हटलं. मी केस विंचरताना समुद्रात बसून कोणी बघायला नको, म्हणाल्या. मग त्याने दारांना, नळाला, गॅसला सुपारीएवढ्या काहीतरी चकत्या चिकटवल्या, आणि टीव्हीच्या मागे एक काळी पेटी ठेवली. मिठाईच्या पाव किलोच्या खोक्याएवढी. महिपतरावांनी विचारलं तेव्हा त्याने बापाला कळेल अशा भाषेत सांगितलं. बाबा, ह्या चकत्या म्हणजे कोतवाल. त्यांना दवंडी पिटता येते, डोकं चालवता येत नाही. ही पेटी म्हणजे तलाठी. कोतवालांनी आणलेलं सगळं हा ऐकून घेणार, आणि गावातलं गावातच मिटवणार. मग वर कोण, तर वर मंत्रालय, म्हणजे कंपनीचं मोठं कॉम्प्युटर, परदेशात कुठेतरी. प्रत्येक दार उघडल्याची खबर तिथवर कोण पाठवत बसेल. जे खरंच वेगळं घडलं तेवढंच तलाठी वर कळवणार, आणि वरून ते माझ्या फोनवर. महिपतराव बराच वेळ पेटीकडे बघत राहिले होते. महसूल खात्याचा कित्ता कोणीतरी आपणहून गिरवल्याचं त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलंच उदाहरण होतं. आमच्या जहाजावरही हेच, रितेश म्हणाला. इंजिनरूममध्ये असे हजारभर कोतवाल आहेत, पण भर समुद्रातून बोलायचं म्हणजे पैशाचा धूर. म्हणून जहाज आपलं आपण ठरवतं. सगळं ठीक असलं तर गप्प. काही बिनसलं तरच बोलतं. त्या दिवसापासून पेटीचं नाव तलाठी पडलं, आणि गोदाबाई केर काढताना तिच्यावरून फडका फिरवू लागल्या, थोडं अदबीनेच.

पण तलाठ्याला आधी गाव कळावं लागतं. पहिला पंधरवडा तो काही बोलत नाही, नुसता बघतो, असं रितेश म्हणाला होता. कोण कधी उठतं, दार किती वेळा वाजतं, स्वयंपाकघरात किती खुडबुड असते, यावरून या घराचं नेहमीचं काय ते तो ठरवतो, आणि मग जे नेहमीचं नाही ते कळवतो. इथेच चूक झाली, आणि ती इतकी साधी होती की घरातल्या तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. तो पंधरवडा म्हणजे रितेशच्या सुट्टीचा पंधरवडा. घरात रोज बांगडे तळले जात होते, शिंपल्यातल्या तिसऱ्या सोलल्या जात होत्या, सकाळी घावण्यांचा तवा उतरत नव्हता. मिरकरवाड्यातले मित्र पुढच्या दाराने कधी आलेच नाहीत. मागचं दार दगड लावून सताड उघडं असे. मधल्या खोलीत रितेश येरझाऱ्या घालत कोणाकोणाशी फोनवर बोलत असे, दिवसातून दोनदा आंघोळ करी आणि दोन्ही वेळा बेसूर गाई. टीव्ही मोठ्याने चाले, कारण बापाला कमी ऐकू येई. तलाठ्याने हे सगळं नीट पाहिलं आणि हेच या घराचं नेहमीचं म्हणून नोंदलं. रितेश गेला, आणि मुंबईच्या विमानतळावर पोचण्याआधीच त्याच्या फोनवर पहिला संदेश आला. जहाजावर चढल्यावर त्याने घरी फोन केला तेव्हा तो हसत होता. "बाबा, तुमचा तलाठी चुकला. मी घरात असतानाचा पंचनामा केलान मेल्यानं. आता रोज मला कळवतोय, घर शांत आहे, घर शांत आहे." मग दुरुस्त कर की, महिपतराव म्हणाले. "इथनं नाय होत, पेटीजवळ बसावं लागतं. येईन तेव्हा करीन. राहू दे तवर. दुपारचं कोणीतरी घरची आठवण काढतंय म्हणायचं."

समुद्रावर माणूस असलेल्या घरात फोन न येणं ही काही बातमी नसते. किनारा दिसला की फोन येतो, मधल्या दिवसांत येत नाही. तो येत नाही याचाच अर्थ जहाज चाललंय, आणि जहाज चाललंय म्हणजे माणूस ठीक आहे. महिपतरावांच्या कचेरीतही तसंच होतं. ज्या गावातून कागद येत नसे ते गाव सुखी समजलं जाई. ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी दोघं पालीला लग्नाला गेले होते. गोदाबाईंच्या चुलतभावाची मुलगी. मांडवात कोणीतरी रितेशचं विचारलं, आणि महिपतराव म्हणाले, मजेत आहे, फोन नाही म्हणजे मजेतच. जिलब्यांची पंगत होती. त्यांनी आग्रहाला मान देऊन पुन्हा वाढून घेतल्या. परत येताना एसटीत त्यांना जरा डोळा लागला आणि गोदाबाईंनी त्यांच्या मांडीवरची पिशवी स्वतःकडे घेतली. एवढं सगळं त्यांना नीट आठवतं. पुढचं इतकं नीट आठवत नाही. कंपनीचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी. झोपेतच गेला, हृदय बंद पडलं, असं एक बाई इंग्रजी मिसळलेल्या मराठीत सांगत होती, आणि कधी गेला हेही सांगत होती, आदल्या दिवशी, पंगतीच्याच वेळी. ती वेळ ऐकल्यावर महिपतरावांच्या जिभेवर जिलबीची चव आली. अजूनही येते, कुठेही येते, मारुती मंदिराच्या स्टॉपवर रिक्षाची वाट बघतानाही येते. मग माणसं आली, गेली. शवपेटी विमानाने आली. महिपतरावांनी सगळे दाखले काढले, जिथून जिथून नाव कमी करायचं तिथून ते कमी केलं, कुठे खाडाखोड होऊ दिली नाही. वर्ष उलटलं तसं लोक म्हणू लागले, आता सावरले हो. नम्रताही म्हणाली, बाबा, तुमचं आता बरं चाललंय. फक्त तलाठ्याला कोणी काही कळवलं नव्हतं.

संध्याकाळी गोदाबाई पडवीत कुळीथ निवडत बसल्या होत्या. महिपतराव समोर खुर्ची घेऊन बसले. बराच वेळ खडे पत्र्याच्या डब्यात पडल्याचा आवाज येत राहिला, आणि तो त्यांना आज ऐकू येत होता.

"फोन चार्ज करतेस."

"होय."

"कशाला?"

"नायतर बंद पडला असता," गोदाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा कुळथात बघू लागल्या.

मग महिपतरावांनी गॅसचं काढलं. गेल्या आठवड्यात गॅस चालू राहिला होता, ते गोदाबाईंना माहीत होतं. वास आला म्हणून त्यांनीच बंद केला होता. आणि वास आला नसता तर, महिपतराव म्हणाले. तलाठ्याने कळवलं होतं, पण तो संदेश वर जाऊन, परदेशातून फिरून शेवटी आला कुठे, तर याच घरातल्या कपाटात, साड्यांच्या मागे. हे त्यांनी जरा चढ्या आवाजात सांगितलं. आपला आवाज स्वतःला इतका मोठा ऐकू येईल याची त्यांना अजून सवय नव्हती. गोदाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"सगळ्यांना वाटतं आता आपलं ठीक चाललंय," त्या म्हणाल्या. "तुमाला पण वाटतं. ह्यालाच तेवढं रोज वाटतं, ह्या घरात कायतरी बिघाडलंय."

महिपतराव उठले. आत जाऊन त्यांनी नम्रताला फोन केला आणि गॅसचं सांगितलं. कपाटाचं सांगितलं नाही. तरीही फोन ठेवताना त्यांना वाटलं की नोकरीत कधी कोणाची चुगली केली नाही, ती आता घरच्याच माणसाची केली.

नम्रताने फोनाफोनी करून माणूस पाठवला. माणूस म्हणजे निशिगंधा नावाची बाई निघाली, रत्नागिरीतल्या दुकानातली, स्कूटरवरून आलेली, डोक्यावरचं हेल्मेट कपबशीशेजारी ठेवून मांडीवर लॅपटॉप घेऊन टीव्हीमागे बसलेली. काका, संदेश आता ताईंच्या नंबरला जातील, ती म्हणाली, आणि तिने दोन मिनिटांत तेवढं केलं. मग कपाळाला आठी घालून तिने विचारलं, ह्या घरात आधी बरीच माणसं होती का. तीन, महिपतराव म्हणाले. पेटी तर वेगळंच काहीतरी धरून बसलीय, निशिगंधा म्हणाली. अशी ठेवली तर ताईंना रोज खोटी खबर जाईल आणि खरी आली तेव्हा त्या बघणार नाहीत. आधीचं पुसून नव्याने शिकवावं लागेल. महिपतरावांनी सहज म्हणून विचारलं की पुसायचं म्हणजे काय काय आहे आत. आवाज वगैरे आहेत का. "छे हो काका, काही नाही. रोजचं काही हा साठवत नाही. ऐकतो, तोलतो, टाकून देतो. राहतो तो नुसता अंदाज, घर कसं असतं याचा. तेवढाच आहे. पुसू?" गोदाबाई दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. टाकून दिलेल्या त्या पंधरवड्यातलं काहीही शिल्लक नव्हतं, ना बांगड्यांचा चर्र आवाज, ना ते बेसूर गाणं. त्याचा अंदाज तेवढा एका मिठाईच्या खोक्यात राहिला होता, आणि समोर बसलेली ही चांगली बाई सहीसाठी थांबलेल्या पक्षकारासारखी त्यांच्याकडे बघत होती. "पुसा," महिपतराव म्हणाले. इतकी वर्षं समोर आलेल्या कागदावर शेरा मारायची सवय. शब्द तोंडातून बाहेर पडला, त्यांनी तो ऐकला, आणि यंत्र नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. पेटीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. पंधरवडाभर पिवळाच राहील, निशिगंधाने सांगितलं. तेवढे दिवस मुद्दाम काही करायचं नाही. "तुम्ही फक्त नेहमीसारखे राहा."

त्या दुपारी कपाटातून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. महिपतराव खाटेवर कान देऊन पडून राहिले. पंखा ऐकू आला, भोंगा ऐकू आला, मागच्या आवारात फणसाचं पान गळलेलंही ऐकू आलं. गोदाबाईंनी एकदा कपाट उघडलं आणि बंद केलं. वायर तशीच होती, त्यांनी ती काढली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाई कोळणीकडून बांगडे घेऊन आल्या, पिशवी दोन्ही हातांनी धरून. कोण पाहुणे येणार आहेत का, असं महिपतरावांनी विचारलं. नाय, म्हणाल्या. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि त्याला दगड लावला. मधल्या खोलीची खिडकी उघडली. तवा ठेवला, पळी तव्यावर आपटली, नळ सोडला, पुन्हा पळी आपटली. महिपतराव दारात येऊन उभे राहिले तेव्हा गोदाबाईंनी वळूनही पाहिलं नाही.

"तो बघतोय ना," त्या म्हणाल्या. "बघू दे."

जागेवर गेल्याशिवाय महिपतरावांनी उभ्या नोकरीत एकही पंचनामा केला नव्हता. या बाबतीत त्यांचं कचेरीत नाव होतं, आणि थोडं हसंही होई. ते तसेच दारात उभे राहिले, मग बाहेरच्या खोलीत गेले, आणि त्यांनी टीव्ही लावला. कुठला तरी क्रिकेटचा सामना चालला होता, दोन्ही संघ त्यांना सारखेच दिसत होते. त्यांनी आवाज इतका वाढवला की कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं. मग ते मधल्या खोलीत गेले. रितेश गेल्यापासून ते तिथे शिरले नव्हते. आधी त्यांनी पहारेकऱ्यासारख्या येरझाऱ्या घातल्या. भिंतीवरची चकती प्रत्येक वेळी लाल डोळा मिचकावत होती, नोंद घेतली, नोंद घेतली. मग खाटेवर बसले, उठले, पुन्हा बसले. खुंटीला त्याचा टॉवेल अजून होता. दुपारी न्हाणीघरात जाऊन त्यांनी दुसऱ्यांदा आंघोळ केली, आणि अंगावर पाणी घेताना थोडं गाऊन बघितलं. यंत्र बाहेर काढून ठेवलं होतं म्हणून बरं, कारण आपण किती बेसूर आहोत हे त्यांना ऐकावं लागलं नाही. गोदाबाईंनी ते बाहेरून ऐकलं असावं. पानं त्यांनी तीन मांडली. तिसऱ्या पानावरचंही महिपतरावांनीच खाल्लं, सोलकढीसकट, आणि रात्री पोटावर हात ठेवून पडून राहिले. शेजारच्या सुर्वेबाईंनी कुंपणावरून विचारलं की कोण आलंय. "हायत घरात माणसं," गोदाबाई म्हणाल्या.

असे दिवस गेले. म्हातारी माणसं घरात दंगा करायला लागली की किती दमतात हे त्यांना आधी माहीत नव्हतं. एका सकाळी गोदाबाई पळी हातात घेऊन पाटावर बसल्या त्या बसूनच राहिल्या. तवा तापून धूर येऊ लागला. महिपतराव आत आले, त्यांनी गॅस बारीक केला, बायकोच्या हातातली पळी घेतली आणि तव्यावर दोनदा आपटली. मग तिच्या शेजारी जमिनीवर बसले. उठताना पुन्हा भिंत धरावी लागेल हे माहीत असूनही बसले. टीव्हीवर कोणीतरी बाद झालं आणि लोक ओरडले. "रितेशला तव्याचा धूर चालत नसे," महिपतराव म्हणाले. त्याचं नाव त्यांनी घरात किती दिवसांनी घेतलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गोदाबाईंनी पदराने नाक पुसलं, उठल्या, आणि घावण्याचं पीठ ढवळू लागल्या.

पिवळा दिवा हिरवा झाला तेव्हा महिपतराव दाढी करत होते. गोदाबाईंनी फडका मारताना पाहिला आणि हाक मारली, अहो, बघा. त्यांनी साबण लावलेल्या गालाने येऊन पाहिला. मग त्यांनी टीव्ही बंद केला. गोदाबाईंनी मागच्या दाराचा दगड काढला आणि दार लोटलं. मधल्या खोलीची खिडकी लावून घेतली. दुपारी पेज केली, दोन वाट्या, वर लोणच्याची फोड, आणि दोघं समोरासमोर बसले. घरात फक्त पेज पिण्याचा आवाज होता. तोही यंत्रामुळे.

फोन वाजला. नम्रता होती. धावत आल्यासारखी बोलत होती. "बाबा, संदेश आलाय. घर नेहमीपेक्षा शांत आहे, असा. काय झालं? आई कुठे आहे? की पेटी परत चुकीचं शिकली? तसं असेल तर निशिगंधाला पुन्हा पाठवते, पुन्हा पुसू."

महिपतरावांनी गोदाबाईंकडे पाहिलं. त्यांची वाटी ओठांपर्यंत येऊन थांबली होती. पलीकडे ठाण्यात नम्रताचा श्वास ऐकू येत होता, अगदी स्पष्ट, कानातच कोणी उभं असल्यासारखा.

"नको," ते म्हणाले. "चुकला नाय तो. बरोबर कळवलान."